एस. हालगे यांचा सत्कार

अंबाजोगाईत शिरताच चौकात संगमेशला स्वतःचाच चेहरा दिसला. भल्यामोठ्या फ्लेक्सवर तो हसत उभा होता. फोटो धाकट्या भावाच्या, बसवेश्वरच्या लग्नातला होता. शेजारचा मामेभाऊ कापून काढला होता, पण त्याचा हात मात्र संगमेशच्या खांद्यावर तसाच राहून गेला होता. खाली लिहिलं होतं, 'अंबाजोगाईचे भूषण श्री. संगमेश अण्णाराव हालगे यांना पुण्याच्या व्यवस्थापन महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी पुरस्कार मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' त्याखाली सगळ्या हालगे मंडळींची नावं, आणि तळाला 'हालगे मंडप डेकोरेशन'.

त्यानं गाडी बाजूला घेतली आणि काच वर करून बसून राहिला.

कालपर्यंत हा फ्लेक्स पाहून त्याला संकोच वाटला असता, पण आतून बरंही वाटलं असतं. काल संध्याकाळी त्यानं कॉलेजच्या माजी विद्यार्थी कार्यालयात फोन लावला होता. समारंभाला घरची किती माणसं आणता येतील, एवढंच विचारायचं होतं. पलीकडची बाई अडखळली. मग फार नम्रपणे तिनं सांगितलं की यंदाचा पुरस्कार समाजकार्यासाठी आहे आणि तो शिवांजली हालगे यांना जाहीर झाला आहे. त्या तुमच्याच घरातल्या ना, असंही तिनं विचारलं.

घरातल्याच. बसवेश्वरची बायको. आणि हे स्थळ संगमेशनंच आणलं होतं. त्याच्यानंतर काही वर्षांनी त्याच कॉलेजातून एमबीए झालेली ही लिंबागणेशच्या किराणा दुकानदाराची मुलगी त्याला एका मेळाव्यात भेटली होती. बारावीनंतर मंडपाच्या धंद्यात पडलेल्या आपल्या भावाला ती पसंत करील असं त्याला वाटलं नव्हतं. तिनं केलं. लग्नानंतर पहिलं वर्षभर ती संगमेशला चुकून 'सर' म्हणायची आणि घरभर हशा व्हायचा.

पुरस्कार आपल्याला मिळाला यावर त्याचा विश्वास बसायला वेळ लागला नव्हता, हेच आता त्याला टोचत होतं. पण का बसू नये? गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे दोन कारखाने त्यानं शून्यातून उभे केले होते. आयटीआय झालेली अंबाजोगाई-वडवणीकडची कितीतरी पोरं त्यानं तिथं कामाला लावली होती. पुरस्काराची बातमी द्यायला अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला तेव्हा त्यानं मनात म्हटलं होतं, उशीर झाला, पण आठवण झाली त्यांना.

घरी पोचला तेव्हा अंगणात मंडप उभा राहत होता. खाली गोदाम, वर घर, मधे प्रशस्त अंगण. हालग्यांचं सगळं कार्य याच अंगणात व्हायचं. बसवेश्वर शिडीवर उभा राहून झालर बांधत होता. त्यानं वरूनच "आलास का दादा" म्हटलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. बसू असा कधी वागत नसे.

अप्पा मात्र धावतच आले. अण्णाराव हालगे पंच्याहत्तरी ओलांडलेले, गेल्या वर्षी बायपास झालेले, पण आज कपाळावरच्या विभूतीसकट चेहरा उजळला होता. त्यांनी पोराचा हात धरला तो सोडलाच नाही. कोण कोण येणार, स्टेजवर कोण बसणार, शाल कुठून आणली, सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. वडवणीचे पाहुणे तर सकाळच्याच गाडीनं आले होते. संगमेश हो हो म्हणत राहिला. सांगायचं ठरवून आला होता, पण त्या हातातून हात कसा सोडवायचा ते त्याला कळेना.

स्वयंपाकघरात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजत होती. आई मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवत होती. शिवांजलीनं पाण्याचा तांब्या पुढे केला, प्रवास कसा झाला विचारलं, पण वर पाहिलं नाही. अप्पांची धाकटी बहीण कावेरीआत्या तेवढी टक लावून पाहत होती. पाणी पिऊन होताच तिनं संगमेशला कोठीच्या खोलीत ओढलं.

"तुला मालूम झालं का?" तिनं विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवली. आत्यानं सुस्कारा सोडला. मग तिनं भराभरा सांगितलं, की हे तिला बसूकडून कळलं, आईला शिवांजलीनं स्वतः सांगितलं, एक अप्पाच तेवढे राहिलेत. त्यांना आज काही कळू द्यायचं नाही. एवढा गाव बोलावलाय, त्यांचं काळीज हे असं. आजचा दिवस निभावून न्यायचा. पुढच्या महिन्यात पुण्याला शिवांजली गुपचूप जाईल आणि मग सावकाश बघू. शिवांजलीला हे कबूल होतं. बसूला नव्हतं, म्हणून तो शिडीवरून उतरत नव्हता.

संगमेश म्हणाला, ठीक आहे. म्हणता क्षणी त्याला जाणवलं, आपण हे किती पटकन म्हटलं. अप्पांच्या काळजीचा आडोसा मिळाला होता आणि तो त्यामागे अगदी आरामात उभा होता. दारातून आई दिसत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं हुग्गीवरचं झाकण जरा जोरात ठेवलं.

दुपारची जेवणं उरकत आली तेव्हा फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. अमरसिंह त्याचं नाव, घाटनांदूर रस्त्याला वस्तीवर राहायचा. त्याच्या आईला, विमलबाईंना, अर्धांगाचा झटका आला होता आणि आज दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं होतं. थोड्या वेळात अँब्युलन्स निघणार होती. डोक्याकडून वर उचलता येणारी दवाखान्याची खाट आणि हवेची गादी हालग्यांकडं मिळते असं त्याला वॉर्डातल्या नर्सनं सांगितलं होतं. मंडप, पाहुणे, हार बघून तो बिचारा संकोचला आणि उद्या येतो म्हणू लागला.

अप्पांनाही तेच बरं वाटलं. ते शिवांजलीला म्हणाले, उद्या सकाळी पहिल्यांदा यांचं काम करू, आज घरात कार्य हाय.

शिवांजली पदर खोचत होती. "मामा, त्यांना आज घरी नेतेत," ती सासऱ्यांना शांतपणे म्हणाली. "रातभर कुठं झोपवतील?"

टेम्पोतल्या खुर्च्या उतरवायला सुरुवात झाली. बसूला मंडप सोडता येत नव्हता. संगमेश म्हणाला, मी जातो सोबत. सगळ्यांनी चमकून पाहिलं. खरं तर दारात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं अभिनंदन स्वीकारण्यापेक्षा खाट उचलणं त्याला सोपं वाटलं होतं.

धुळाजी हा जुना ड्रायव्हर. टेम्पोत पुढे तिघं दाटीवाटीनं बसले. रस्त्यानं शिवांजली दवाखान्यात परतलेल्या अमरसिंहाशी फोनवर बोलत होती. दार किती रुंद, खोलीत फरशी की शेण सारवलेलं, वीज जाते तेव्हा काय करता. संगमेश ऐकत होता. हे काम कसं सुरू झालं ते त्याला ठाऊक होतं, म्हणजे फोनवर ऐकून ठाऊक होतं. कोरोनात लग्नं बंद पडली, गोदामात माल नुसता पडून राहिला, आणि लोक दवाखान्यातून माणसं घरी आणून जमिनीवर निजवत होते. मंडपवाल्याचा धंदा म्हणजे तरी काय, वस्तू वेळेवर पोचवायची आणि धड परत आणायची. तिनं तेच खाटा, वॉकर आणि चाकाच्या खुर्च्यांना लावलं. पुढं तिनं वडवणी, केज, धारूरच्या मंडपवाल्यांना गाठलं. टेम्पो त्यांच्याकडं होता, गोदाम होतं, माणसं होती. लग्नसराईत नवरदेवाच्या खुर्च्या नेणारी गाडी परतताना आजाऱ्याची खाट टाकून यायची. संगमेशनं कारखान्यात माल हलवण्याची मोठमोठी गणितं बसवली होती. ही चार तालुक्यांची घडी मात्र आपल्याला सुचली नसती, हे आज पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं.

वस्तीवरचं दार अरुंद निघालं. खाट पान्ह्यानं खोलून आत न्यावी लागली. संगमेशनं कडेचा लोखंडी सांगाडा उचलला, उंबऱ्यावरून पलटवला आणि त्याची पाठ कट्कन धरली. शिवांजली गुडघ्यांवर बसून नट आवळत होती. चेहऱ्यावर घाम, नव्या साडीच्या काठाला ग्रीस. अँब्युलन्सला यायला उशीर झाला. ती आली तेव्हा विमलबाईंना चौघांनी उचलून गादीवर ठेवलं. शिवांजलीनं अमरसिंहाच्या बायकोला कूस कशी बदलायची ते करून दाखवलं आणि मग तिच्याकडूनही करून घेतलं. शेवटी तिनं दांडा फिरवून खाटेची डोक्याकडची बाजू हळूहळू वर आणली.

म्हातारीचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर गोठा होता, लिंबाखाली बांधलेली म्हैस होती. पडल्यापासून ती नुसती छत बघत होती.

"दिसतंय," ती कशीबशी म्हणाली. "म्हस दिसतीय."

अमरसिंह तोंड फिरवून अंगणात गेला. संगमेश उगाच पान्हा पुसत राहिला.

ते परत निघाले. धुळाजी डिझेल भरायला पंपावर उतरला तेव्हा संगमेश म्हणाला, "काल मी कॉलेजला फोन केला होता."

शिवांजलीनं समोरच्या काचेकडं बघत विचारलं, "मग सकाळपासून बोलला न्हाईत ते?"

"तूही बोलली नाहीस."

ती जराशी हसली. मग म्हणाली, "पहिला फोन मीच घेतलता, दादा. दुकानात. बाई म्हणाली, एस. हालगे यांना पुरस्कार द्यायचाय, समाजासाठी केलेल्या कामाबद्दल. मी म्हणलं, ते पुण्याला असतेत, त्यांचा नंबर घ्या. ती नंबर लिहून घेतीय तवर मी मामांना हाक मारून सांगितलं, दादांना पुरस्कार मिळाला म्हणून. मामांची काहीच चूक न्हाई. दोन दिवसांनी तिचा परत फोन आला, पुरस्कार तुमचाच म्हणून, तवर फ्लेक्स लागलता."

संगमेश तिच्याकडं बघतच राहिला. अप्पांना आपल्या पोराशिवाय दुसरं नाव सुचलं नसणार, असं तो काल रात्रीपासून धरून चालला होता.

"तुला एकदाही वाटलं नाही, की आपलं असेल?"

"न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जड झाला. "त्याचाच राग येतोय मला. चार तालुक्यांत लोक मला नावानं वळखतेत. कॉलेजात तुमी शिकलात तेच मी शिकले. आन पुरस्कार म्हणल्यावर माझं नाव माझ्याच तोंडात आलं न्हाई. दुसऱ्या कुणावर काय रागवू?"

संगमेश म्हणाला, की आज तो स्टेजवर सगळं सांगणार, मग आत्या काहीही म्हणो. ती घाबरली. मामांना आधी एकट्याला सांगा, म्हणाली, चारचौघांत त्यांना धक्का नको. त्यानं ते कबूल केलं. धुळाजी आला, टेम्पो निघाला आणि संगमेश मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागला. 'हा सत्कार स्वीकारायला मी लायक नाही, कारण...' हे बरं होतं. 'ज्या व्यक्तीचा हा मान आहे ती आज सकाळपासून तुमच्यासाठी हुग्गी करत होती...' हे आणखी बरं. लोक थक्क होतील. अप्पांचे डोळे भरतील. बसू शिडीवरून उतरून मिठी मारील. एवढं सगळं रंगवून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की या भाषणातही सगळ्यात मोठा आपणच दिसतोय. त्याला स्वतःचंच हसू आलं. तरी वाक्यं काही थांबली नाहीत.

घरी पोचायला उशीरच झाला. अंगण माणसांनी भरलं होतं आणि कार्यक्रम सुरू झाला होता. फेटा बांधलेले अप्पा माईकसमोर उभे होते. त्यांना आधी एकट्याला गाठायची संधी हुकली होती. संगमेश घाईनं पुढं निघाला, तर बसवेश्वरनं दंड धरून त्याला मंडपाच्या खांबाशी थांबवलं. सकाळचा ताठा बसूच्या चेहऱ्यावरून गेला होता.

"आईनं अप्पांना सांगितलं," तो कानाशी म्हणाला. "फेटा बांधताना."

आत्या आडवी आली होती, पण आईनं तिचं ऐकलं नव्हतं. अप्पा खाटेवर बसले, पाणी मागितलं आणि एवढंच विचारलं, की सूनबाईला हे माहीत हाय का. आई म्हणाली, हाय. मग अप्पा म्हणाले, माहीत असून ती सकाळी माझ्या पोराच्या सत्काराच्या खुर्च्या पुसत होती? अप्पा उठले, फेटा सारखा केला आणि सरळ मंडपात आले.

"तुमी समदे आलात, लई बरं वाटलं," माईकवरून अप्पांचा आवाज येत होता. "पण चौकातला फोटो चुकलाय. फोटो माझ्या पोराचा हाय. पुरस्कार माझ्या सुनेचा हाय. आमच्या घरात दोन एस. हालगे हायेत, हे कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई. माझ्या त न्हाईच न्हाई."

माणसं हसली, मग कुजबुजली. स्टेजवर बसलेल्या एका पुढाऱ्यानं हातातला भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला. अप्पा थांबले नाहीत.

"आता ती हाय कुठं म्हणाल, तर खाट पोचवायला गेलीय. म्या नको म्हणलतो. तिनं ऐकलं न्हाई, बरं केलं. गेल्या साली मला दवाखान्यातून आणलं तवा मीबी तिच्याच खाटेवर निजलो. तवा मला वाटलं, घरचीच खाट हाय, त्यात काय. आज इचारतो. कुणाकुणाच्या घरी ही खाट येऊन गेली?"

असं म्हणून त्यांनी आधी स्वतःचा हात वर केला. क्षणभर कोणीच हललं नाही. मग मागच्या रांगेतून एक हात वर आला. मग बायकांच्या बाजूनं दोन. वडवणीच्या पाहुण्यांतून एक. मग इतके, की संगमेशला खांबापासून पुढं सरकून बघावं लागलं. कापडाचे व्यापारी होते, शेजारचे शिक्षक होते, भाजीवाली होती. ज्या पुढाऱ्यानं कागद खिशात ठेवला होता त्यानंही, जरा चाचरत, हात वर केला.

शिवांजली टेम्पोपाशीच उभी होती. ग्रीसचे हात कुठं पुसावेत ते तिला कळत नव्हतं. आई बायकांमधून उठली, तिच्याजवळ गेली, स्वतःच्या पदरानं तिचे हात पुसले आणि तिला स्टेजकडं घेऊन गेली. अप्पांनी शाल घातली. ती पुरुषी, जाड, संगमेशसाठी आणलेली शाल होती आणि शिवांजली तीत जवळजवळ हरवून गेली. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या.

संगमेश खांबाशी उभा होता. जुळवून आणलेली सगळी वाक्यं त्याच्याजवळ तशीच पडून होती, आता ती कोणालाच नको होती. त्याला जरा रिकामं वाटलं आणि त्या रिकामपणात हलकंही. तो टाळ्या वाजवू लागला.

शिवांजलीला माईक दिला तेव्हा ती अप्पांसारखं बोलली नाही. तिनं सगळ्यांचे आभार मानले. धारूरच्या आणि केजच्या मंडपवाल्यांची नावं घेऊन त्यांना उभं केलं. मग म्हणाली, की एवढे हात वर झालेच आहेत, तर ज्यांच्याकडचा आजारी बरा झालाय आणि खाट अजून माडीवर पडून हाय, त्यांनी उद्या फोन करावा, गाडी आमची येईल. लोक खळखळून हसले. दोनतीन हात, जे इतका वेळ वर होते, ते हळूच खाली गेले.

अप्पा मधेच स्टेजवरून उतरले. गर्दीतून वाट काढत ते खांबापाशी आले आणि पोराच्या शेजारी उभे राहिले. दोघंही समोर बघत होते.

"तुला वाईट वाटलं का?" अप्पांनी विचारलं.

संगमेशनं खोटं बोलायचा विचार केला, पण जमलं नाही. "वाटलं," तो म्हणाला. "काल लई वाटलं. आज थोडं."

"मलाबी वाटलं," अप्पा म्हणाले. "तुझ्यासाठी वाटलं. मग तिच्यासाठी वाटलं. मग म्हणलं, दोघंबी आपलेच हायेत, आपल्याला किती वाईट वाटून घ्यायचं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "धुळाजी म्हणतोय, सांगाडा तू एकट्यानं उचललास?"

"हो."

"पाठ दुखती का?"

"लई," संगमेश म्हणाला.

अप्पा हसले. त्यांनी फेटा थोडा मागं सरकवला, हात पोराच्या मागं नेला आणि तिथंच, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, त्याची पाठ चोळायला लागले. संगमेशनं त्यांना थांबवलं नाही. समोर शिवांजली उद्याच्या गाडीच्या वेळा सांगत होती.